अस्वलाचा डोळा

"मावशीला सगळं घर दाखव हं, काहीएक सोडू नकोस," असं लेकीला बजावून आई कामावर आली खरी, पण कुतूहल तिला स्वस्थ बसू देईना. मूल सांभाळणारी नवी मावशी दिवसभर करते तरी काय? जेवणाच्या सुट्टीत तिने फोनवर घरातला कॅमेरा उघडला. तो कपाटावरच्या कापडी अस्वलाच्या डोळ्यात बसवलाय, हे मायलेकींनाच ठाऊक होतं. बघते तर काय, मावशी खुशाल घोरतेय आणि लेक तिला थोपटतेय! आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिला आजच नारळ द्यायचा! एवढ्यात थोपटणारा हात मंदावला. दुपारी कधीच न झोपणारी लेक मावशीच्या कुशीत कलंडली. मावशीने हळूच डोळे उघडले, तिला पांघरूण घातलं आणि थेट अस्वलाकडे बघत ओठांवर बोट ठेवलं. आई चपापली. पोरीने घर दाखवताना खरंच काहीएक सोडलं नव्हतं.