पहिला मान पाटीचा

या, सरकून बसा. टाळ जरा मांडीवर ठेवा आणि करंजाच्या गंगाबाईंची गोष्ट ऐका.

गंगाबाई रोज करंजाहून पनवेलच्या बाजारात मासळी आणतात. देवाघरी गेलेल्या नवऱ्याने, बुधाजींनी, घेतलेली मोठी गाडी आता चढ आला की धापा टाकते. मुलगा प्रितम म्हणाला, "आये, हिची डागडुजी कुठवर करायची? ही देऊन दुसरी सेकंडहँड घेऊ." बाईंचीही ना नव्हती.

पनवेलला एक गाडी पसंत पडली. आत नुसता अत्तराचा घमघमाट. प्रितमने हार-नारळ आणला. होडी असो की गाडी, या घरात आधी आत बसते ती मासळीची पाटी. म्हणून बाईंनी पाटीला हळदकुंकू लावून आणलं होतं. त्या पाटी आत ठेवणार, तोच प्रितम हळूच म्हणाला, "आये, हिच्यात पाटी नको. वास बसतो. पाटी आपण टेम्पोनं पाठवत जाऊ."

बाईंनी पाटी पुन्हा कमरेवर घेतली आणि जुन्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

"हेच बोलून जीपवाल्यानं मना पाटीसकट रस्त्यात उतरवलं होतं. म्हणून तुज्या बापसानं ही घेतली. ही नाय विकायची. तो नारळ हिच्याच चाकाशी फोड आनि चल घरी."


तर मंडळी, वाटेत कुठल्या गाडीतून मासळीचा वास आलाच, तर नाक धरण्याआधी आमच्या बुधाजींना एकदा आठवा.