पहिली दवंडी

मारोतरावांच्या सत्काराला जायचं, पण बसायचं मागच्या रांगेत, हे कवडू नरखेडहून निघतानाच ठरवून आला होता. बेचाळीस साली तो गावचा कोतवाल होता. चळवळीत फरारी झालेल्या मारोतरावांच्या नावाची दवंडी त्यानंच दिली होती. तीस वर्षं गाव त्याला त्यावरून टोचत होतं. तोही मोठा मानी. त्यानं कधी खुलासा केला नाही. पण मारोतरावांना तरी खरं काय ते कळलं होतं का, एवढं मरण्याआधी त्याला समजायला हवं होतं.

नागपूरच्या त्या सभागृहात इंग्रजीचे प्राध्यापक शरच्चंद्र रंगात आले होते. "सरकारी कागदात यांना 'बँडिट' म्हटलंय. मी शब्दाच्या मुळाशी गेलो. तो इटलीतला. दरोडेखोर हा अर्थ मागाहून चिकटला. मुळात बँडिट म्हणजे ज्याच्या नावानं दवंडी पिटून त्याला कायद्याबाहेर काढलं, तो!"

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. कवडू मात्र खुर्चीत अंग चोरून बसला.

"बाबा, चाला ना घरी," शेजारी बसलेली त्याची लेक गोपिका कुजबुजली. "आता तुमचंच नाव निघन."

"बस वं. काहून पळू?"

मारोतराव माइकपाशी आले.

"ते दवंडी देणारा मागं बसून आहे," ते म्हणाले. सगळ्या माना वळल्या. "आमच्या गावची रीत अशी, का पहिली दवंडी देवळाच्या पारावर. त्या दिवशी यानं पहिली देल्ली संत्र्याच्या बागेपाशी. फौजदार खेकसला, इथं कोण ऐकून राहिलं बे? हा म्हणे, रीत आहे साहेब. बागेत माणूस म्हणून मी एकलाच होतो. ऐकलं, अन् मागच्या वाटेनं निसटलो. तेव्हा बोललो असतो, तं याची नोकरी गेली असती. मंग माहं गावच सुटलं."

म्हणजे कळलं होतं तर! कवडूचा ऊर अभिमानानं भरून आला. गोपिका त्याच्याकडे बघतच राहिली.

मारोतरावांनी माइक बाजूला सारला आणि तोंडाशी हात धरले. "ऐका हो ऐका! कवडू कोतवालानं..." म्हातारा आवाज तिथंच चिरकला.

कवडू ताडकन उभा राहिला.

"अशी देतेत का दवंडी? जोरानं द्या, मारोतराव! इथं मागं ऐकू नाही येऊन राहिलं!"