दिवाळीपर्यंत थांब

नवा राउटर खोक्यातच पडून होता. मार्चपर्यंत तो सगळ्यांनाच बसवावा लागणार होता. जुना फक्त नेट द्यायचा. नवा त्याच लहरींनी घरातल्या प्रत्येकाचा श्वास, चाल, हातांची हालचाल टिपायचा आणि काही बिनसलं की थेट डॉक्टरांना कळवायचा.

"अप्पा, आजच लावते. तुमच्याच काळजीपोटी आणलाय," निशिगंधा वडिलांना पुन्हा म्हणाली.

"दिवाळी होऊ दे. आधी कंदील संपवतो." अप्पा खोलीत गेले, बाहेर आले, परत आत गेले. हल्ली ते चहाही अर्धाच कप मागत.

ती चिडून मागोमाग गेली. अप्पांचा आकाशकंदील म्हणजे दरवर्षी अख्ख्या बिल्डिंगचं कौतुक. यंदा कामट्या वेड्यावाकड्या बांधलेल्या, कागदभर खळीचे डाग. अप्पांनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता, तरी खांदा थरथरत होता.

"एकदा डॉक्टरांना कळलं की कामट्या तासायची सुरी काढून घेतील," ते हळूच म्हणाले. "एवढा एक होऊ दे."

निशिगंधा शेजारी बसली आणि कागदाला खळ लावू लागली. पण नजर कागदावर ठरेना, सारखी अप्पांच्या हाताकडे जाई. राउटर खोक्यातच राहिला होता, आणि त्याचं काम आता तिच्याकडे आलं होतं.