गाडीच्या बुडाला लावलेला रंग

"याला हात कुणी लावला?"

गाडीखालून आवाज आला आणि रंगाऱ्याच्या बायकोने नवऱ्याकडे डोळे वटारून पाहिलं. गाडी लिफ्टवर उंच चढवली होती. तिच्याखाली मान वर करून उभा होता तो शोरूमचा वॉरंटी तपासनीस. बाईंनी त्याचं नाव 'नकारघंटे' ठेवलं होतं, आणि ते काही उगाच नव्हे. याआधी दोनदा त्यांनी याच गंजासाठी अर्ज केला होता. दोन्ही वेळा त्याने बॅटरीचा झोत टाकला आणि तेच ऐकवलं होतं. गंज बाहेरून आलाय, खडे उडतात, चिखल बसतो, त्याला कंपनी काय करणार? पत्रा आतून गंजून आरपार गेला तरच वॉरंटी. झालं, नवरा-बायको हात हलवत घरी.

घरी आल्यावर तरी नवऱ्याने गप्प बसावं की नाही? पण तो जन्मभर लोकांची दारं-खिडक्या रंगवलेला माणूस. उघडा पत्रा दिसला की त्याचे हात शिवशिवायचे. दोन्ही वेळा तो सतरंजी टाकून गाडीखाली शिरला, गंज खरवडला, प्रायमर मारला आणि वर असा रंग चढवला की शोरूमवाल्यांनी तोंडात बोट घालावं. तिने हटकलं तर म्हणाला, "चार लोक बघणार गाडी. तशीच कशी न्यायची?" पाहुणे यायच्या आधी घर आवरावं तशी त्याने गाडी आवरली होती, तीही खालून.

आज निघायच्या वेळी तिच्या भावाचा फोन आला. घरी दुरुस्तीचा हात लागला असेल तर वॉरंटी विसरा, असं त्याने सांगितलं. मग वाटभर तिने नवऱ्याला एकच पढवलं. कुणी काही विचारलं तरी तोंडाला कुलूप.

प्रश्न गाडीचा नव्हताच, लेकीचा होता. मागची एक सीट काढून तिथे लेकीची चाकाची खुर्ची बसवली होती, नेमकी त्याच पत्र्यावर. बसच्या पायऱ्या तिला चढता येत नव्हत्या. ग्रंथालयात नोकरी लागल्यापासून पोरीचा आवाजच बदलला होता. जेवायला बसली की आई-बापाला हुकूम सोडायची, आणि आईला ते ऐकताना इतकं बरं वाटायचं की ती मुद्दाम एखादं काम विसरायची. गाडी गेली तर नोकरी गेली आणि तो आवाजही गेला. नवा पत्रा स्वतःच्या खर्चाने बसवायचा तर त्यासाठी गाडीच विकावी लागली असती.

"विचारतोय मी. कुणी हात लावला?"

"मी," रंगारी म्हणाला. "दोनदा. म्हणजे, प्रायमर धरला तर जास्त वेळा."

तिने डोळे मिटले. माणसाने सरळ असावं, पण किती? तीस वर्षं या सरळपणाशी संसार केला, त्याचं तिला कौतुकही होतं. पण आज तिला त्याचा गळा धरावासा वाटला.

नकारघंटेने पत्र्यावरून हळूहळू बोटं फिरवली. एका जागी गुळगुळीत रंगाला जरासा फुगवटा आला होता. तिथे त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि दाबला. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

मग त्याने गाडी खाली उतरवली आणि स्वतः मागच्या दारातून आत शिरला. खुर्चीचे पट्टे सोडवून त्याने मॅट उचलली. तिघांनीही वाकून पाहिलं. मॅटखाली पाणी साचलेलं होतं. दाराच्या रबरातून ते कधीपासून झिरपत होतं कोण जाणे. पत्रा नावालाच उरला होता, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे त्याचे पापुद्रे निघत होते.

"खुर्ची इथे असते?" नकारघंटेने विचारलं. त्याचा आवाज खाली आला होता.

"हो. लेकीची."

"आता नाही बसवायची. गाडी इथेच राहू द्या. सगळं बूड बदलून देतो, वॉरंटीत. तोवर आमच्याकडची एक गाडी घेऊन जा. खुर्ची चढेल अशी बघतो."

भांडायची सगळी तयारी करून आलेली ती बाई पुन्हा मॅटखालच्या पाण्याकडे बघू लागली. तिला ती ओल्या पत्र्यावरची खुर्ची दिसत होती, आणि खुर्चीत बसून रस्ताभर बडबडणारी पोर. तिचे डोळे भरून आले.

"पण साहेब," रंगारी मध्येच म्हणाला, "मी घरी रंग लावलाय. नियमाप्रमाणे मग..."

"तुम्ही गप्प बसा हो!" ती कडाडली आणि पदराने डोळे पुसत तपासनिसाकडे वळली. "साहेब, तुमचे उपकार कसे फेडू? मनात तुम्हाला नाही नाही ते बोलले मी. आणि तुम्ही यांची एवढी मोठी चूक पोटात घातलीत."

नकारघंटे फडक्याला हात पुसत होता. त्याने गोंधळून तिच्याकडे पाहिलं.

"चूक कसली? पत्रा कापला, जोडला, तर ती दुरुस्ती. रंग राखणं ही तर आमचीच अट आहे, कुणी पाळत नाही ती गोष्ट वेगळी. बाहेरचा रंग असा धड आहे म्हणून तर कळलं, गंज आतून आलाय. यांनी हात लावला नसता ना ताई, तर मी आजही नाहीच म्हणालो असतो."