बरोबरीचा

शेजारचा गियून इतका हुशार निघाला, की शाळेनं त्याला दोन इयत्ता वर चढवलं. त्याच्या आईचे पाय जमिनीला लागेनात. पण आमच्या कोरियात मित्र म्हणजे आपल्याच वयाचा. वयानं मोठा तो दादा, त्याला मान द्यायचा.

आई रोज विचारायची, "कुणाशी मैत्री झाली का रे? घरी आण, दोघांना तोकबोक्की करून घालते."

"सगळे दादा नि ताया आहेत गं."

शुक्रवारी मात्र गियून उड्या मारत आला. "आई, मित्र मिळाला. आजच आलाय वर्गात. माझ्याच वयाचा आहे, त्यालाही दोन इयत्ता वर चढवलंय. उद्या आणू घरी?"

तोकबोक्की ढवळणारा आईचा हात थांबला.



"गणितात तुझ्या पुढे नाही ना तो?"