आवळलेला नळ

आमच्या घरातलं भूत गेल्या आठवड्यात निघून गेलं. म्हणजे, खरं तर कुठेही गेलेलं नाही.

बाबा नळ इतका आवळून बंद करायचे, की उघडायला आईला पक्कड लागायची. ते वारले, तरी नळ आवळलेलाच सापडायचा. आई खूश. "आले वाटतं तुझे बाबा," म्हणत ती नळाशी गप्पा मारत बसायची. मी मात्र वैतागून भिंतीकडे बघून ओरडायचो, "अहो बाबा, मेलात ना? आता तरी सोडा की जरा सैल!"

मग कामासाठी मी आठवडाभर परगावी गेलो. परतलो, तर आई ओट्याशी सुतकी चेहऱ्याने उभी.

"गेले रे ते. तू गेल्यापासून नळ एका बोटाने उघडतोय."

मी तिची समजूत काढली, हात धुतले, नळ बंद केला. आई भांडी विसळायला आली, तर नळ हलेना.

"आले!" ती हसली आणि पक्कड शोधायला धावली. मी माझ्या हाताकडे बघत राहिलो.



पुढच्या आठवड्यात मला पुन्हा परगावी जायचे आहे. तरी वरच्या संबंधित खात्याने तेवढ्या काळापुरते मूळ बाबांना कामावर रुजू करून घ्यावे, ही नम्र विनंती.