सही केलेलं कार्ड

"सातव्या होलला मला पाच फटके लागले, तुम्ही चारच लिहिलेत," रणदिवे म्हणाले. "मीही न बघता सही केली. आत्ताच कमिटीला सांगून आलो. मी स्पर्धेतून बाद."

गोल्फमध्ये एकाच्या फटक्यांचं कार्ड दुसऱ्यानं लिहायचं असतं; कमी फटके लिहिलेल्या कार्डावर खेळाडूनं सही केली की तो बाद. माझं रणदिव्यांनी लिहिलं होतं. बाराव्या होलला झुडपामागे हुकलेला माझा फटका त्यांना दिसलाच नव्हता. सही करताना मला सहाच्या जागी पाच दिसले होते. तरी मी सही ठोकली.

रणदिवे बाद, म्हणून कप माझा. क्लबच्या सेक्रेटरींनी मला विचारलं, "तुमचंही कार्ड एकदा बघायचं का?"

मी तोंड उघडायच्या आत रणदिवेच हसले. "छे हो! यांचं कार्ड लिहिताना माझं काही चुकलं असतं तर यांनी सांगितलं नसतं का?"

मी मान डोलावली.